पाय मोडला म्हणून वारी मोडत नाही

मृगाचा पाऊस झाला, उडीद-तूर-सोयाबीनची पेरणी उरकली आणि पाभर गोठ्याच्या भिंतीला टेकली, की बार्शी तालुक्यातल्या गावागावांत एकच चौकशी सुरू होते. यंदा दिंडीला कोण कोण? देवळाच्या ओट्यावर नावे निघतात. वीणा कोणाकडे, पखवाज कोण घेणार, पाण्याच्या टाकीचा ट्रॅक्टर कोणाचा, सगळे ठरते. आणि मग यादी एखाद्या नावाशी येऊन थांबते. ‘त्यांचं काय? पाय मोडलाय न्हवं त्यांचा.’ कोणीतरी हळहळते, कोणीतरी म्हणते, ‘माळ घातल्यापासून एक वारी चुकली नव्हती बघा.’ यादी पुढे सरकते. तो माणूस मात्र घरात खाटेवर पडून टाळांचा आवाज ऐकत असतो.

असा माणूस प्रत्येक गावात सापडतो. कोणी बांधावरून घसरलेला, कोणी विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून पडलेला, कोणाला बैलाने ढकललेले, कोणी चिंच झोडताना झाडावरून खाली आलेला. अलीकडे मोटारसायकलवरून पडणारे फार. दवाखान्यात रॉड घालतात, प्लेट बसवतात, प्लास्टर करतात. हाड जुळते. पण ‘आता आपल्याच्यानं चालणं व्हायचं न्हाई’ ही मनात बसलेली भीती लवकर निघत नाही. शेतकऱ्याच्या बाबतीत चालणे हा काही शौक नाही. चालला तर शेत, शेत तर घर. म्हणून पायाच्या दुखण्यातून उठून पुन्हा लांबचा पल्ला कसा गाठावा, हा विषय वारकऱ्याइतकाच नांगर धरणाऱ्याच्याही कामाचा आहे.

लऊळचा कूर्मदास

या प्रश्नाचे जुने उत्तर आपल्या शेजारीच आहे. बार्शीहून पंढरीला निघालेल्या माणसाला कुर्डुवाडी लागते. कुर्डुवाडीजवळ माढा तालुक्यात लऊळ नावाचे गाव आहे. तिथे संत कूर्मदासांचे देऊळ आहे. महिपतीबुवांच्या ‘भक्तविजया’त त्यांची कथा आहे. कूर्मदास पैठणचे. हातापायांनी पूर्ण अधू. पंढरीची ओढ अशी लागली, की जमिनीवरून सरपटत निघाले. रोज जमेल तेवढे अंतर तोडायचे, रात्र पडेल तिथे थांबायचे. लऊळपर्यंत आले आणि एकादशी जवळ आली. पुढची वाट काही त्या दिवसांत उरकणारी नव्हती. त्यांनी पंढरीकडे जाणाऱ्यांच्या हाती निरोप धाडला. मग विठ्ठलच उठून लऊळला भेटायला आला, अशी कथा आहे.

आपण ही कथा भक्तीची म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेच. पण पाय मोडलेल्या माणसाने तिच्यातला व्यवहारही पाहावा. कूर्मदासाने ‘मला इतरांसारखे चालता येत नाही, म्हणून मी निघतच नाही’ असे म्हटले नाही. आणि ‘काही झाले तरी एकादशीला पोचायचेच’ म्हणून जीवही टाकला नाही. जमेल तेवढे रोज केले आणि जिथे थांबावे लागले तिथे थांबले. पाय मोडलेली माणसे बहुधा या दोहोंपैकी एक चूक करतात. एक तर खाट सोडत नाहीत, नाहीतर प्लास्टर निघाल्याच्या आठव्या दिवशी दिंडीत जाऊन उभी राहतात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ही म्हण अशांना अगदी शब्दशः लागू पडते.

हाड जुळते कसे?

हाडाचे काम थोडेफार पिकासारखे आहे. बी टाकल्यावर रोज उकरून बघायचे नसते. हाड मोडले की त्या जागी रक्त साकळते. मग काही आठवड्यांत तिथे मऊ, कूर्चेसारखा भाग तयार होतो. हळूहळू त्यात चुना भरत जाऊन तो कडक होतो. त्यापुढे कित्येक महिने त्या नव्या हाडाला शरीर घडवत राहते. हाताच्या मनगटाला दीड महिना पुरतो, पण नडगीचे हाड भक्कम व्हायला तीन-चार महिने, कधी त्याहूनही जास्त लागतात. शेजाऱ्याचा पाय दोन महिन्यांत बरा झाला म्हणून आपलाही होईल असे नाही. कोणते हाड, कुठे मोडले, कातडी फाटून बाहेर आले होते का, वय काय, साखरेचा आजार आहे का, यावर सगळे असते.

दोन गोष्टी हाडाला मारतात. पहिली तंबाखू. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचे हाड उशिरा जुळते, हे वैद्यकशास्त्राने पुरते दाखवले आहे. तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात आणि मोडलेल्या जागी रक्त कमी पोचते. पाय जुळेपर्यंत तरी चंची बाजूला ठेवावी. दुसरी गोष्ट म्हणजे अर्धवट पोट. दुखण्यात ‘पथ्य’ म्हणून नुसत्या पातळ खिचडीवर माणसाला ठेवतात. हाडाला आणि मांसाला प्रथिने लागतात. डाळ, मटकी, शेंगदाणे, दूध, चालत असेल त्यांना अंडी, हे सगळे आपल्या घरातलेच आहे. ज्वारीच्या भाकरीबरोबर शेंगाची चटणी खाणाऱ्या मुलखात औषधी डब्यांमागे धावायचे कारण नाही. थोडा वेळ कोवळ्या उन्हात बसावे. आधी पोटोबा मग विठोबा हे वारीलाही लागू आहे आणि हाडालाही.

हाडवैद्याबद्दल एक शब्द. गावाकडे अजून कामट्या लावून पट्टी आवळतात. पट्टी फार घट्ट बसली तर खालचे रक्त थांबते. बोटे काळीनिळी पडली, गार पडली, बधिर झाली, तर क्षणाचाही विलंब न करता पट्टी सोडावी आणि दवाखाना गाठावा. असे दुखणे अंगावर काढल्याने मोडलेला पाय नव्हे तर सबंध पाय गमावल्याचे प्रकार होतात.

मांसही मोडते, ते दिसत नाही

प्लास्टर निघाल्यावर माणूस पहिल्यांदा आपला पाय बघतो आणि घाबरतो. मांडी वाळून बारीक झालेली असते. कातडीचे खपले निघतात, घोटा वळत नाही. यात नवल नाही. बैल चार महिने दावणीला बांधून ठेवला आणि एकदम नांगराला जुंपला तर काय होईल? स्नायू वापरला नाही की आठवड्या-दोन आठवड्यांतच उतरू लागतो, आणि भरून यायला त्याच्या कितीतरी पट वेळ घेतो. उतारवयात तर जास्तच. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिलेल्या दिवसापासूनच व्यायाम सुरू व्हायला हवा. मांडी घट्ट आवळून सोडणे, पाय सरळ ठेवून उचलणे, घोटा खाली-वर करणे. हे अंथरुणावरही होते. ‘हे कसलं व्यायाम, पोरखेळ’ म्हणून हसण्यावारी नेऊ नये. याच पोरखेळावर पुढचे मैल उभे राहतात.

पायावर वजन कधी टाकायचे, अर्धे की पूर्ण, हे मात्र एक्स-रे बघून डॉक्टरांनीच सांगायचे. त्यात पारावरच्या मंडळींचे मत घेऊ नये.

काठी कोणत्या हातात?

ही साधी गोष्ट गावात दहातले पाच जण तरी चुकीची करतात. उजवा पाय दुखरा असेल तर काठी डाव्या हातात धरायची. दुखरा पाय पुढे पडताना काठीही पुढे पडली पाहिजे, म्हणजे वजन दोघांत वाटले जाते. काठीची उंची हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या रेघेपर्यंत असावी. त्याहून लांब असेल तर खांदा उचलला जातो, आखूड असेल तर माणूस वाकतो. खाली रबरी टोपण हवे, नाहीतर शेणाने सारवलेल्या जमिनीवर आणि फरशीवर काठी सरकते. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. आणि काठीची लाज वाटू देऊ नये. वीणेकऱ्याला वीण्याची लाज वाटते काय?

उंबऱ्यापासून भगवंतापर्यंत

लांबच्या चालण्याला परत येण्याचा मार्ग घरातूनच निघतो. पहिला टप्पा खाटेपासून उंबऱ्यापर्यंत. दुसरा उंबऱ्यापासून गोठ्यापर्यंत. मग देवळापर्यंत, मग गावच्या वेशीपर्यंत, मग आपल्या शेताच्या बांधापर्यंत. प्रत्येक टप्प्याला एकच कसोटी लावायची. आज चाललो, आणि उद्या सकाळी उठल्यावर पाय कसा आहे? थोडे आखडलेपण चालेल. पण काल नव्हती अशी सूज किंवा ठणका सकाळीही असेल, तर आपण जास्त चाललो असे समजावे आणि एक पायरी मागे यावे. मागे येणे म्हणजे हरणे नव्हे. औत वळवायला थोडी जागा लागतेच.

अंतर आणि वेग दोन्ही एकदम वाढवू नयेत. आधी अंतर, मग वेग. आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. सपाट रस्त्यावर जमले म्हणून नांगरटीच्या ढेकळांवर जमेल असे नाही, तो वेगळा अभ्यास आहे. एक गोष्ट वारकऱ्याने विशेष ध्यानात ठेवावी. वारीत एक दिवस चालून भागत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा उठून चालायचे असते. म्हणून निघण्यापूर्वी घरी असतानाच लागोपाठ दोन-तीन दिवस चांगले अंतर चालून बघावे. तिसऱ्या दिवशी पाय साथ देत असेल तरच दिंडीत नाव घालावे.

बार्शीकरांना यासाठी देवाने सोयही करून ठेवली आहे. पंढरीची एकादशी आणि बार्शीची द्वादशी अशी आपल्याकडची रीत आहे. पंढरपूरला जाणे जमत नसेल, त्याने द्वादशीला भगवंताच्या दर्शनाला पायी यावे. आपल्या गावातून निघावे, वाटेत दोन ठिकाणी टेकावे, परतताना एस.टी.ने जावे. महिन्याला दोन द्वादश्या येतात. एका द्वादशीला निम्मी वाट पायी, पुढच्या द्वादशीला थोडी जास्त. असे करता करता वर्षाच्या आत पाय किती तयार झाला, हे कोणाला विचारावे लागत नाही.

दुसरी संधी शेगावच्या पालखीची. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना कुर्डुवाडीवरून बार्शीला येते आणि पुढे भूमकडे जाते. विदर्भातून महिनाभर चालत आलेली ही माणसे तशीच चालत परत निघालेली असतात. त्यांच्याबरोबर एक कोसभर चालावे. शिस्तीत टाकलेले पाऊल कसे असते, ते तिथे बघायला मिळते. घाई नाही, ओढाताण नाही, ठरल्या जागी विसावा. चार-पाच किलोमीटर चालले की टेकायचे, पाणी प्यायचे, पाय मोकळे करायचे. लांबच्या चालण्याचे जे शास्त्र आज सांगितले जाते, ते वारीच्या चालीत कधीपासून मुरलेले आहे.

आषाढीचाच हट्ट नको

वर्षात वाऱ्या चार आहेत. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी. बऱ्या होणाऱ्या पायाला आषाढी सर्वांत अवघड. चिखल, गर्दी, दमट हवा, ओले कपडे. कार्तिकी मात्र ज्वारीची पेरणी उरकल्यावर येते. हवेत गारवा असतो, वाट कोरडी असते. माघी येते तोवर शिवारात हुरडा होऊन ज्वारी भरत आलेली असते. आषाढी चुकली तर कार्तिकी धरावी, तीही चुकली तर माघी. पांडुरंग अठ्ठावीस युगे उभा आहे म्हणतात. त्याला चार महिन्यांची घाई नाही.

आणि अर्धी वाट पायी, अर्धी गाडीने, यातही कमीपणा नाही. बार्शीला हे नवे नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रुळांची ‘बार्शी लाइट’ सुरू केली. १९०६ मध्ये ती पंढरपूरपर्यंत गेली. तेव्हापासून ज्यांना पायी जमत नाही असे वारकरी याच गाडीने पंढरीला गेले. ती छोटी गाडी आता गेली, २००८ पर्यंत लातूर ते पंढरपूर सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. बार्शीपासून कुर्डुवाडी सुमारे ३५ किलोमीटर. तेवढी वाट दोन-तीन दिवसांत विसावे घेत पायी करावी, लऊळला कूर्मदासाच्या पायरीवर डोके ठेवावे आणि पुढे गाडीत बसावे. याहून चांगली पहिली वारी कोणती?

थांबलेली वारी पुन्हा निघाली

थांबून पुन्हा चालणे सबंध महाराष्ट्राने अलीकडेच अनुभवले. कोरोनामुळे २०२० आणि २०२१ साली पायी वारी झाली नाही. मानाच्या पालख्या एस.टी.तून पंढरीला गेल्या. २०२२ साली दिंड्या पुन्हा रस्त्याला लागल्या. दोन वर्षांच्या खंडाने सवय तुटते, पण वाट तुटत नाही, हे त्या वर्षी सगळ्यांनी पाहिले.

मोठ्या माणसांनाही असे थांबावे लागले आहे. विनोबा भावे यांची भूदान पदयात्रा १९५१ साली तेलंगणातल्या पोचमपल्लीपासून सुरू झाली. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस बिहारमधल्या चांडिल येथे त्यांना हिवतापाने गाठले. दुखणे इतके वाढले की जिवाची काळजी वाटू लागली. यात्रा थांबली. १९५३ च्या मार्चपर्यंत त्यांचा मुक्काम चांडिललाच होता, मग पावले पुन्हा पुढे पडू लागली. तेच विनोबा चालत चालत १९५८ च्या मे महिन्यात पंढरपूरला आले आणि सर्व धर्मांच्या माणसांना बरोबर घेऊन त्यांनी विठ्ठलाचे दर्शन घेतले. चांडिलला ते थांबलेच नसते, तर पंढरपूर आले असते का?

एका घोटाची गोष्ट

पाय मोडलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट कळते, जी धडधाकट माणसाला कळत नाही. आपण दिवसभरात किती गोष्टी न मोजता करत असतो! तांब्या उचलून आपल्या हाताने पाणी पिणे. रात्री कोणाला न उठवता बाहेर जाऊन येणे. उकिडवे बसून भाकरी कुस्करणे. मांडी घालून पंगतीला बसणे. गाईच्या पाठीवर हात फिरवायला चार पावले जाणे. बांधावर उभे राहून पिकाकडे बघणे. यातले एकेक जेव्हा जाते, तेव्हा ते किती मोठे होते हे समजते. ज्याचे जळते त्याला कळते. घरधनीण रात्री तीनदा उठून आधार देते, तेव्हा माणूस मनातल्या मनात खचतो. आणि ज्या दिवशी तो तिला न उठवता स्वतःच उठून येतो, त्या दिवशी सकाळी चहाला वेगळीच चव असते.

बार्शीच्या भगवंताची कथाही अशीच लहान गोष्टीची आहे. अंबरीष राजाला द्वादशीचे पारणे वेळेत सोडायचे होते. दुर्वास ऋषी पाहुणे म्हणून आले आणि स्नानाला गेले ते लवकर परतेनात. पाहुण्याआधी जेवावे तर अपमान, न जेवावे तर व्रतभंग. राजाने फक्त पाण्याचा एक घोट घेतला. पुढे दुर्वासांचा कोप झाला आणि भगवंताने भक्ताला राखले. सगळे राज्य ज्याच्या पायाशी, त्याचे व्रत एका घोटाने तारले. दुखण्यातून उठणाऱ्याचेही तसेच असते. त्याला वाचवतात ती अशीच एका घोटाएवढी कामे. आज उंबरा ओलांडला, आज गोठ्यापर्यंत गेलो, आज बादली अर्धी का होईना उचलली. ही कामे रोज वहीत लिहून ठेवावीत. लिहिता येत नसेल तर नातवाला सांगावे, त्यालाही आजोबाचा हिशेब ठेवायला गंमत वाटते.

लहान गोष्टीची किंमत शास्त्रालाही कळायला वेळ लागला. पाय कापावा लागलेल्या माणसाला पूर्वी विलायती धर्तीचा कृत्रिम पाय मिळे. तो बुटात घालून खुर्चीवर बसणाऱ्यासाठी होता. आपला माणूस उकिडवा बसतो, अनवाणी चालतो, चिखलात उतरतो. ही अडचण ओळखून जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास ‘जयपूर फूट’ घडवला. तो घालून शेतकरी वाफ्यात उभा राहू शकतो, मांडी घालून जेवू शकतो. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उकिडवे बसता यावे एवढीशी गरज, पण ती ओळखली म्हणून असंख्य माणसे पुन्हा शेतात गेली.

मात्र खुब्याचे किंवा गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्यांनी उकिडवे बसण्याची घाई करू नये. काही ऑपरेशननंतर ते कायमचे टाळावे लागते. डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, लाजू नये. तोवर खुर्चीचे संडास वापरावे.

धोक्याच्या खुणा

पोटरी एकदम सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखू लागली, किंवा छातीत दुखून दम लागला, तर रक्ताची गाठ झाल्याची शंका घ्यावी आणि तातडीने दवाखाना गाठावा. ऑपरेशनच्या जागी पू, लाली आणि ताप असेल तर घरगुती लेप लावत बसू नये. साखर असलेल्यांनी रोज रात्री तळपाय बघावेत, कारण त्यांना फोड आल्याचे कळतच नाही. एकादशीचा उपवास गोळ्या चालू असताना डॉक्टरांना विचारूनच करावा. नवी चप्पल घालून वारीला निघू नये, महिनाभर आधी गावात वापरून मऊ करावी.

गावाने काय करावे?

हे सगळे एकट्या माणसाच्या अंगावर टाकून चालत नाही. अपघात झाला की आधी १०८ ला फोन करावा. मोडलेला पाय फळी लावून किंवा दुसऱ्या पायाशी बांधून हलणार नाही असा करावा आणि मगच उचलावे. ऑपरेशनची शक्यता असते, म्हणून चहा-पाणी पाजण्याचा आग्रह करू नये. दवाखान्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्राला भेटावे. रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्यावे.

शेतकरी अपघातासाठी २०२३ पासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख, एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये अशी तरतूद आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. साध्या मोडतोडीला हे अनुदान नाही, पण पाय गमावावा लागला तर आहे. दुःखात घरच्यांना याची आठवण राहत नाही. ती आठवण ग्रामसेवक, तलाठी आणि कृषी सहायकांनी करून द्यावी, त्यात त्यांचे काही जात नाही.

खाटेवरच्या माणसाच्या पिकाची ई-पीक पाहणी राहून जाते आणि पुढे मदतीच्या वेळी अडचण येते. एका मोबाईलवरून एकापेक्षा जास्त खातेदारांची नोंद होते. शेजाऱ्याने ते काम करावे. ग्रामपंचायतीच्या आणि सोसायटीच्या पायऱ्यांना एका बाजूने लोखंडी कठडा बसवावा. देवळापासून वेशीपर्यंत दोन ठिकाणी बसायला बाक टाकावेत. हा खर्च मोठा नाही. पण वॉकर घेऊन निघालेल्या म्हाताऱ्याला ‘मध्ये टेकायला जागा हाय’ एवढे कळले, तरी तो घराबाहेर पडतो.

दिंडीवाल्यांनीही एक करावे. यादीतून नाव वगळण्याआधी घरी जाऊन विचारावे. ‘आबा, सगळी वाट न्हाई जमणार, म्हाईत हाय आमाला. पर वेशीपोतर येता का? तिथनं पुढं ट्रॅक्टरात बसा, कुर्डुवाडीला उतरून परत या.’ अशा एका बोलावण्याने जे होते, ते दहा गोळ्यांनी होत नाही. आणि आबांनीही हो म्हणावे. वेशीपर्यंत तर वेशीपर्यंत. पुढच्या वर्षी वेस थोडी पुढे सरकलेली असेल.